उभ्या झाडाचे घनफूट

माझे वडील लाकडाच्या वखारीत मुनीम होते. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसे, कारण सावली असे आणि सागाच्या भुशाचा वास मला आवडे. ओंडका गाडीवरून उतरला की एक माणूस त्याच्या मध्यावर फीत गुंडाळून घेर ओरडून सांगे, दुसरा लांबी सांगे, आणि वडील दोन्ही आकडे वहीत मांडून लगोलग घनफूट लिहीत. हिशेब असा : घेराचा चौथा हिस्सा घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, त्याला लांबीने गुणायचे. नववीत वर्तुळाची भूमिती शिकल्यावर मी त्यांना मोठ्या ऐटीत सांगितले, की हे सूत्र चुकीचे आहे, शंभर घनफूट लाकूड तुमच्या वहीत साडेअठ्ठ्याहत्तर होते. वडिलांनी वहीतून मान वर केली नाही. म्हणाले, "चुकीचं नाही रे, ठरलेलं आहे. साल, वाकडेपणा, कापताना जाणारा भुसा, सगळं त्यात धरलंय. विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला ठाऊक."

हे 'चौथाई घेरा'चे गणित इंग्लंडातून आले. एडवर्ड हॉपस याने १७३६ साली त्याचे तक्ते छापले, आणि त्याच्याच नावाचे घनफूट पुढे साम्राज्यभर चालले. मला त्यात आज जी गोष्ट मोलाची वाटते ती अचूकपणाची नाही. आकडा साडेएकवीस टक्क्यांनी कमी होता, पण तो किती कमी आहे हे व्यवहारातल्या प्रत्येकाला माहीत होते.

गेली काही वर्षे मी जे वाचतो आहे ते या वखारीपासून फार लांबचे आहे, निदान वरवर पाहता. विमानातून लेसरचे किरण सोडून खालच्या जंगलात किती घनमीटर लाकूड उभे आहे हे सांगण्याची एक पद्धत गेल्या तीस वर्षांत नॉर्वे, फिनलंड आणि स्वीडन या देशांत रुजली. आता ती तिथली नित्याची बाब झाली आहे. मी वनशास्त्राचा पदवीधर नाही. या विषयातली तयारी माझी मीच केलेली, शोधनिबंध वाचत, अडले की सांख्यिकीच्या पुस्तकाकडे परत जात. त्यामुळे तज्ज्ञाच्या अधिकाराने मी काही सांगणार नाही. मुनिमाच्या मुलाच्या नजरेने या वहीतले रकाने तपासायचे आहेत, एवढेच.

जंगल मोजायची अडचण जुनीच आहे. उभे झाड तराजूत घालता येत नाही आणि सगळी झाडे मोजायला आयुष्य पुरत नाही. १८५६ साली डीट्रिश ब्रँडिस हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रह्मदेशातल्या पेगूच्या सागवनांचा अधिकारी झाला. हत्तीवर बसून तो रानातून ठरावीक वाटांनी जाई. हातात बांबूच्या चार काठ्या, सागाच्या घेराच्या चार वर्गांसाठी एकेक. झाड दिसले की त्या त्या काठीवर चाकूने खाच. पट्ट्यातल्या खाचांवरून तो सगळ्या रानाचा अदमास बांधी. नॉर्वेने १९१९ मध्ये, फिनलंडने १९२१ मध्ये आणि स्वीडनने १९२३ मध्ये राष्ट्रीय वनगणना सुरू केल्या. फिनलंडच्या पहिल्या गणनेत मोजणारे लोक देशभर आखलेल्या समांतर रेषांवरून चालत गेले. तत्त्व ब्रँडिसचेच होते : थोडे नीट पाहायचे, उरलेल्याबद्दल अनुमान करायचे.

हे तत्त्व आपल्याकडे अनोळखी नाही. नजरेने ठरणारी आणेवारी आणि शेताचा ठरावीक तुकडा प्रत्यक्ष कापून, मळून, तोलून काढलेले उत्पन्न, यांतला फरक कोणत्याही शेतकऱ्याला समजतो. यादृच्छिक निवडीने पीककापणीचे प्रयोग करायची रीत देशात रुजवणाऱ्यांत साताऱ्याच्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि वि. गो. पानसे ही नावे पहिल्या ओळीत येतात. त्या दोघांचे १९५४ सालचे सांख्यिकीचे पुस्तक समोर ठेवूनच मी लेसरचे निबंध वाचले, आणि बऱ्याच अवघड जागा त्यामुळे सुटल्या.

आता यंत्राकडे. विमानातला लेसर दर सेकंदाला लाखांच्या हिशेबात प्रकाशाचे ठोके खाली सोडतो. ठोका कशावर तरी आपटून परत येतो. जाऊन येण्यात किती वेळ गेला त्यावरून अंतर कळते. एक मीटर अंतराची जा-ये प्रकाश सुमारे पावणेसात अब्जांश सेकंदात करतो, म्हणजे घड्याळ किती बारीक हवे ते पाहा. एकाच ठोक्याचे अनेक पडसाद येतात : काही प्रकाश शेंड्यावरून परततो, काही फांद्यांवरून, उरलेला फटींतून उतरून जमिनीवरून. विमानाची जागा आणि कल ठाऊक असल्याने प्रत्येक पडसादाला अवकाशात एक बिंदू मिळतो. असे कोट्यवधी बिंदू जमले की त्यांत जमीन ओळखायची आणि बाकीच्यांची उंची त्या जमिनीपासून मोजायची.

इथे गंमत आहे. स्वीडनने २००९ पासून देशभर जे लेसर सर्वेक्षण केले ते जमिनीच्या चढउतारांच्या नकाशासाठी. त्या कामात झाडे म्हणजे अडथळा, गाळून टाकायचा कचरा. वनवाल्यांनी पुढे तोच 'कचरा' उचलला आणि राष्ट्रीय वनगणनेच्या नमुना-भूखंडांशी जोडून देशाचा वननकाशा केला.

पण या सगळ्यात लाकूड कुठे आहे? बिंदूंना खोड दिसत नाही, निदान या उंचीवरून आणि एवढ्या विरळ बिंदूंतून नाही. फिनलंडच्या पहिल्या फेरीत चौरस मीटरला साधारण अर्धा बिंदू पडत होता, २०२० पासूनच्या फेरीत पाच. त्यांतून कळते ते इतकेच, की छत्र किती उंच आहे आणि किती दाट आहे. उंची आणि दाटीवरून लाकडाकडे जायला पूल लागतो, आणि तो जमिनीवर बांधावा लागतो. माणसे रानात जातात, ९ मीटर त्रिज्येचे वर्तुळ आखतात, त्यातल्या झाडांना छातीच्या उंचीवर कॅलिपर लावतात, निवडक झाडांची उंची घेतात आणि त्या वर्तुळातले घनमीटर काढतात. मग त्या वर्तुळावर पडलेल्या लेसरबिंदूंची उंची आणि वर्तुळातले लाकूड यांचा संबंध सूत्रात बसवतात आणि ते सूत्र सगळ्या रानाला लावतात. फिनलंडमध्ये रानाचे चौकोन १६ मीटर बाजूचे असतात. १६ गुणिले १६ म्हणजे २५६ चौरस मीटर, आणि ९ मीटर त्रिज्येचे वर्तुळ २५४. सूत्र जेवढ्या तुकड्यावर शिकले तेवढ्याच तुकड्यावर वापरायचे, ही त्यामागची शिस्त.

म्हणजे लेसर लाकूड मोजत नाही. तो उंची मोजतो, आणि लाकडाबद्दल शिकवलेले बोलतो. हे मी आरोप म्हणून सांगत नाही, पीककापणीचेही तसेच आहे. माझा मुद्दा पुढचा आहे. वर्तुळातले घनमीटर तरी कुठून आले? कॅलिपरने व्यास मिळतो, घनफळ नाही. व्यास आणि उंचीवरून घनफळ देणारी सूत्रे वेगळी असतात, आणि ती तोडलेल्या झाडांवरून बनतात : झाड पाडायचे, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत ठरावीक अंतरांवर जाडी घ्यायची, बेरीज करायची. फिनलंडमध्ये पाइन, स्प्रूस आणि बर्चसाठी योउको लासासेनाहो यांची १९८२ ची सूत्रे वापरात आली. नॉर्वेतली ब्रास्ताद, ब्रांतसेग आणि वेस्त्योर्देत यांची सूत्रे १९६६-६७ ची, स्वीडनमधली नेसलुंद यांची १९४७ ची. एकविसाव्या शतकातल्या लेसरच्या आकड्याखाली अर्ध्या शतकापूर्वी पाडलेली झाडे पडलेली आहेत. ती ज्या दाटीत, ज्या जातीच्या रोपांतून, ज्या निगराणीत वाढली तशी आजची वाढतात का, हा प्रश्न विचारायला हवा. खोडाचा आकार दाटीप्रमाणे बदलतो. मोकळ्यावर वाढलेले झाड भराभर निमुळते होते, गर्दीतले सरळसोट राहते. व्यास आणि उंची सारखीच, पण लाकूड वेगळे.

ही साखळी लक्षात घेऊन या विषयातले लेखन वाचले की चांगले लेखन आणि नुसते उत्साही लेखन यांतला फरक चटकन दिसतो. विमानातल्या लेसरचा जंगलावर प्रयोग १९८४ मध्येच अमेरिकेत रॉस नेल्सन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला होता, पण तेव्हा ठोके विमानाखालच्या एकाच रेषेत पडत. पट्टाभर झाडून घेणाऱ्या लेसरवरून लाकडाचे घनफळ काढणारा नॉर्वेच्या एरिक नेसेट यांचा निबंध १९९७ चा, आणि पद्धत पायावर उभी करणारा २००२ चा. हा दुसरा निबंध मी अनेकदा वाचला आहे. शीर्षकातच त्यांनी 'व्यवहार्य' हा शब्द घातला आहे. सुमारे हजार हेक्टरांचे रान, १४४ नमुना-भूखंड. रानाचे तरुण, निकस जमिनीवरचे प्रौढ आणि कसदार जमिनीवरचे प्रौढ असे वर्ग करून प्रत्येकाला वेगळे सूत्र. मग ज्या तुकड्यांनी सूत्र घडवले नाही अशा वेगळ्या तुकड्यांवर पडताळा. घनफळातल्या फरकाचे प्रमाण विचलन ११.४ ते १४.२ टक्के आले, असे ते लिहितात. निबंधाची भाषा कोरडी आहे, आणि मला ती आवडते. आकडा कुठल्या पायऱ्यांनी आला आणि कुठे घसरला, हे एका जागी सापडते. वखारीतल्या वहीसारखे.

मात्र तो टक्का म्हणजे काय, हे पुढच्या वापरात हरवते. समजा एका तुकडीचा अंदाज हेक्टरी २०० घनमीटर निघाला आणि विचलन १२ टक्के आहे. तर खरा आकडा तीनपैकी दोन वेळा १७६ ते २२४ च्या आत असेल, आणि सुमारे विसातल्या एका तुकडीत ४८ हून अधिक घनमीटरांचा फरक पडेल. हजार तुकड्यांची बेरीज केली तर इकडची चूक तिकडच्या चुकीला बरीचशी खाऊन टाकते. पण ज्याच्याकडे एकच तुकडी आहे त्याची चूक खायला कोणी नसते. फिनलंडमधले सुमारे ६० टक्के वनक्षेत्र खासगी कुटुंबांच्या मालकीचे आहे, आणि २०१८ पासून तिथल्या वनकेंद्राची ही माहिती सर्वांना खुली आहे. खुलेपणाचे मी कौतुकच करतो, आपण ज्यासाठी अर्जांवर अर्ज करतो ते तिथे घरबसल्या मिळते. पण पडद्यावर त्या तुकडीपुढे एकच आकडा उभा असतो. त्याच्या दोन्ही बाजूंची २४-२४ घनमीटर धूसर जागा डोळ्यांत भरत नाही.

चूक सगळीकडे सारखी असती तरी चालले असते. ती तशी नसते. अशी सूत्रे मधल्या आकड्याकडे झुकतात : विरळ रानाला थोडे जास्त देतात, लाकडाने भरलेल्या रानाला थोडे कमी. सर्वांत जवळच्या नमुन्यांवरून अंदाज काढायची जी रीत आहे, तिला तर नमुन्यांतल्या सर्वांत भरलेल्या वर्तुळापलीकडचा आकडा सांगताच येत नाही. त्यात जुन्या झाडाची उंची थांबते, घेर मात्र वाढत राहतो. वरून पाहणाऱ्याला शंभर वर्षांचे आणि दीडशे वर्षांचे पाइन सारखेच उंच दिसू शकते. म्हणजे अंदाज सर्वांत जास्त हुकण्याची भीती जिथे आहे ती राने सर्वांत जुनी आहेत, आणि तशी राने आधीच थोडी उरली आहेत. जातींचेही तेच. पाइनचे रान असेल तर पाइनचा अंदाज बरा येतो, त्यात मिसळलेल्या थोड्या बर्चचा मात्र मुख्य जातीपेक्षा कितीतरी पटींनी ढासळतो. हवाई छायाचित्रांची जोड देऊनही ही उणीव पुरी भरून निघालेली नाही. आणि स्प्रूसचा गाभा बुंध्यापासून बुरशीने कुजलेला असेल तर लेसरला काय, कॅलिपरलाही कळत नाही, हे न्यायाने सांगायला हवे.

माल्तामो, नेसेट आणि वाउहकोनेन यांनी संपादित केलेला २०१४ चा जाडजूड ग्रंथ या विषयाचा आधारग्रंथ मानला जातो. या सगळ्या उणिवा त्या परंपरेतल्याच अभ्यासकांनी शोधल्या आणि मांडल्या आहेत, मी शोधलेल्या नाहीत. नकाशातल्या चौकोनांची नुसती बेरीज म्हणजे देशाचा आकडा नव्हे, ती नमुना-भूखंडांवर घासून दुरुस्त करावी लागते, हेही त्यांनीच बजावले. माझी तक्रार वेगळी आहे. अचूकता कशासाठी हवी, या प्रश्नाला या लेखनात एकच उत्तर मिळते.

ते उत्तर 'खर्च अधिक तोटा' या हिशेबात आहे. ऐद, गोबाक्केन आणि नेसेट यांनी २००४ मध्ये हवाई छायाचित्रे वाचून केलेली मोजणी आणि लेसर यांची तुलना केली. नुसता मोजणीचा खर्च पाहिला तर लेसर महाग पडत होता. पण चुकीच्या आकड्यावरून चुकीच्या वर्षी झाडे तोडली तर मालकाचे किती नुकसान होते, तेही त्यांनी खर्चात धरले, आणि बेरीज लेसरच्या बाजूने गेली. कल्पना म्हणून मला ही अत्यंत हुशार वाटते. आकड्याचे मोल तो किती सुंदर आहे यात नसून त्याच्यावर विसंबून जे करणार त्यात आहे, हे इतक्या स्वच्छपणे फार थोड्या ठिकाणी मांडलेले मी पाहिले आहे. पण तोटा मोजला आहे तो लाकडाच्या भविष्यातल्या उत्पन्नाची आजची किंमत धरून. जुने रान दहा वर्षे लवकर पडले तर त्यात घरटे करणाऱ्या पक्ष्याचा, पडक्या लाकडावर वाढणाऱ्या बुरशीचा, मातीतल्या कार्बनचा तोटा त्या रकान्यात शून्य लिहिला जातो. शून्य लिहिला असे म्हणणेही बरोबर नाही. रकानाच नाही. आणि वर पाहिले तसे, ज्या रानांत अंदाज सर्वांत कच्चा त्याच रानांत हा न लिहिलेला तोटा सर्वांत मोठा.

व्यवहारातली आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली आणि कळल्यावर मी दोन दिवस दुसरे काही वाचले नाही. फिनलंडमध्ये उभे रान विकताना पैसे लेसरच्या आकड्यावर दिले जात नाहीत. झाडे कापणारे हार्वेस्टर यंत्र प्रत्येक खोड दातांत धरून फांद्या छाटत पुढे सरकवते, आणि सरकवतानाच त्याची लांबी आणि जाडी टिपते. बहुतेक सौद्यांत रक्कम ठरते ती या मोजणीवर. म्हणजे पैशाचा प्रश्न आला की विकणारा आणि घेणारा दोघेही वखारीत परत येतात, ओंडक्याला फीत लावतात. लेसरचा आकडा वापरला जातो तो त्याआधी : तोडायचे की नाही, कधी, कुठली तुकडी. पैशाच्या मोजणीत चूक निघाली तर रक्कम दुरुस्त करता येते. तोडायच्या निर्णयातली चूक मात्र कळते तेव्हा झाड यंत्राच्या दातांत असते. अधिक भरवशाचा आकडा आपण कमी गंभीर प्रसंगासाठी राखून ठेवला आहे.

आता या यंत्रांच्या नोंदीच लेसरला शिकवायला वापराव्यात असे प्रयोग चालू आहेत. यंत्राला आपली जागा ठाऊक असते, खोडाची जाडी ठाऊक असते, मग कॅलिपर घेऊन माणसे पाठवायची कशाला? खर्चाच्या बाजूने याला उत्तर देणे अवघड आहे. पण यंत्र जाते ते तोडायला ठरलेल्या रानातच. जे रान मालकाने राखले, जे दलदलीत आहे, जे संरक्षित आहे, तिथून एकही खोड त्या शाळेत शिकवायला येणार नाही. सुखात्मे-पानसे यांच्या पुस्तकाचा विद्यार्थी इथे हात वर करील : शेतकऱ्याने आपणहून दाखवलेल्या तुकड्यावर पीककापणी करून तालुक्याची पैसेवारी ठरवत नाहीत. तुकडा चिठ्ठी टाकून निवडावा लागतो, मग तो बांधावरचा निघो की खडकावरचा.

आपल्याकडे हा प्रश्न अजून या रूपात आलेला नाही. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचा उभ्या साठ्याचा आकडा, २०२१ च्या अहवालात देशभरात सुमारे ६१६.७ कोटी घनमीटर, जमिनीवरच्या नमुना-भूखंडांवरून येतो, आणि त्यामागची घनफळाची सूत्रे याच संस्थेच्या १९९६ च्या संग्रहात एकत्र केलेली आहेत. म्हणजे साखळीच्या खालच्या कड्या त्याच. केंद्राच्या वनमंत्रालयाने वाप्कोसकरवी वनक्षेत्रांचे लेसर सर्वेक्षण करवले आणि २०२१ मध्ये पहिल्या दहा राज्यांचे अहवाल प्रसिद्ध केले. त्यांत महाराष्ट्र आणि गोवा आहेत. हेतू लाकडाचा नव्हता, पाणी आणि माती अडवायची कामे कुठे घ्यावीत हे ठरवण्याचा होता. पण स्वीडनमध्येही आधी जमीनच मोजली होती. त्या बिंदूंना उद्या कोणी मेळघाटातले लाकूड विचारले, तर सागाची पाने तेव्हा झाडावर होती की गळून गेली होती, त्याच मोसमात जमिनीवर वर्तुळे आखली होती का, त्यांची जागा कोणी निवडली, आणि सागाशेजारच्या ऐन, धावडा, सालईचे घनफळ कुठे, कधी पाडलेल्या झाडांवरून काढले, एवढे मला त्या आकड्याच्या शेजारच्या रकान्यात लिहिलेले पाहिजे आहे. वडिलांच्या वहीत शेरा लिहायला तसा रकाना होता. वाकडा ओंडका असला की ते तिथे 'वाकडा' लिहीत.